लॉक टाकलाय, जा

मला घाबरायला आवडायचं, हे आधी कबूल केलेलं बरं. एरवी मी भागूबाई. पाल दिसली की पलंगावर चढते, जिन्यातला दिवा गेला असेल तर खालूनच घरच्यांना हाका मारते. पण कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली आणि खाली "तुमचा माग काढला जातोय, साठ सेकंद" असं आलं, की पोटात जो गोळा यायचा तो मला हवासा वाटायचा. एकोणसाठ, अठ्ठावन्न... हात घामेजायचे, बोटं चुकायची. पकडली गेले तरी काय व्हायचं? एक बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू.

हा काही चित्रांचा गेम नव्हे. त्यात गाड्या नाहीत, बंदुका नाहीत. नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. आपण कुठल्याशा कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरलोय असं धरून चालायचं. हुकूम टाइप करायचे, एकेक दार उघडायचं. दाराला पासवर्ड, आणि पासवर्ड शोधायचा तर तिथल्या माणसांची पत्रं वाचायची. एक कारकून होता, तो प्रत्येक मेलच्या शेवटी आपल्या पोपटाबद्दल एक ओळ लिहायचा. आज पोपट जेवला नाही, आज पोपट बोलला. त्याचा पासवर्ड म्हणजे पोपटाचं नाव आणि तो घरी आला ते वर्ष. हे शोधायला मला आठवडा लागला, आणि सापडलं तेव्हा आनंद झालाच, शिवाय त्या नसलेल्या कारकुनाची कीवही आली. कंपनीत त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मी मात्र त्याची ओळ न् ओळ वाचली होती.

माझ्या या वेडाला कारण आहे. आमचं घर टेमघरला, भिंतीला लागून कापड विणायच्या लूमची शेड. दोन्ही शिफ्टला खडाखड चालू. घरात कुणी हळू आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. बाबांना पाणी हवं असलं तरी ते भांडण काढल्यासारखे ओरडायचे. दहावीनंतर कॉम्प्युटरच्या क्लासला गेले, तिथं पहिल्याच दिवशी असा काळा पडदा समोर आला. मॅडम म्हणाल्या, एक अक्षर चुकलं तर मशीन ऐकणार नाही, बरोबर लिहिलंत तर ऐकणारच. न ओरडता माझं कुणीतरी ऐकणार, हे मला फार मोठं वाटलं. पुढे सगळीकडे रंगीबेरंगी पडदे आले, माउस आले, पण माझं मन त्या काळ्या पडद्यावरच राहिलं.

म्हणून वळ गावातल्या गोडाऊनमध्ये सिस्टम ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं. मुंबईच्या घराघरात जे लागतं, साबण, डायपर, मिक्सर, चपला, ते सगळं आधी आमच्या रॅकवर येऊन बसतं. त्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम जुनाट होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, हुकूम टाइप करायचे. बाकीचे ऑपरेटर त्याच्या नावानं बोटं मोडायचे. त्याच्यावर प्रेम करणारी अख्ख्या गोडाऊनमध्ये मी एकटी.

आता लॉकचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रॅकच्या दोन उंच रांगांमध्ये जी वाट असते तिला आम्ही गल्ली म्हणतो, सिस्टम लेन म्हणते. गल्लीत फोर्कलिफ्ट शिरते आणि वरच्या मजल्यांवर माल चढवते, उतरवते. कधी कुणाला आत बसून खोकी मोजायची असतात. तेव्हा माणूस आणि फोर्कलिफ्ट एका गल्लीत नकोत, कारण माल भरलेला असला की ड्रायव्हरला समोरचं खालचं दिसत नाही. म्हणून मोजणारा आत जायच्या आधी ऑपरेटर सिस्टममध्ये त्या गल्लीला लॉक टाकतो. लॉक असेपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरच्या स्कॅनरवर त्या गल्लीचं काम येत नाही. दिवसातून दहादा मी म्हणायचे, "लॉक टाकलाय, जा."

लॉक यायच्या आधी दुसरी पद्धत होती. मोजायला जाणारी बाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या साखळीला आपली ओढणी नाहीतर टॉवेल बांधायची. बांधलेलं कापड ओलांडून कुठलाही ड्रायव्हर आत जायचा नाही, मग तो बिहारचा असो की शेजारच्या वडप्याचा. लॉक आल्यावरही बायका कापड बांधतच होत्या. मग सुपरवायझरनी ते बंद केलं. बाहेरची पार्टी बघायला येते, साखळ्यांना ओढण्या लटकलेल्या बघून मच्छीबाजार वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी ऐकलं, एक मावशी सोडून.

मावशी वळचीच, पन्नाशी उलटलेली. गोडाऊन जिथं उभं आहे तिथं तिच्या सासरची भातखाचरं होती. बारा नंबरच्या गल्लीत गेली की म्हणायची, "हिथं आमचा बांध व्हता गो. मी माज्याच शेतान खोकी मोजतंय." आणि स्वतःच हसायची. तिच्या खांद्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल असायचा आणि तो साखळीला बांधल्याशिवाय ती आत पाय टाकत नव्हती. तिला समजावायचं काम सुपरवायझरनी माझ्या गळ्यात घातलं. मी तिला खुर्चीवर बसवून पडदा दाखवला. सतरा नंबर, पुढे लॉक. "मावशी, टॉवेल वाऱ्यानं उडेल, सुटेल. हा उडत नाही. मी टाकलाय ना, मग कुणाची हिंमत नाही आत यायची." ती बराच वेळ त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिली. वाचता तिला जेमतेम यायचं. मग टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकून म्हणाली, "तू बोलतंस तं बरां." तिनं विश्वास यंत्रावर नाही, माझ्यावर टाकला होता. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

गेम मी पेनड्राइव्हवर आणून ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला. जेवणाच्या सुट्टीत खेळायचा, एवढंच ठरवलं होतं. पण बोट दिलं की हात धरतो तसं झालं. कारकुनाच्या पोपटानंतर मॅनेजरची मुलगी, मग रखवालदाराचं गाव, एकेक दार उघडत गेलं आणि मी कामाच्या वेळातही डोकवायला लागले. सुपरवायझर मागून चालत जायचे आणि गेमची अक्षरं आमच्या प्रोग्रॅमपेक्षा जरा फिकट होती. कुणाच्या लक्षात यायला नको म्हणून मी गेमच्या सेटिंगमध्ये गेले आणि रंग बदलला. अक्षरांचा आकारही बदलला. अगदी जुळवून घेतलं. दोन खिडक्या एकीमागे एक ठेवल्या तर कुठली खरी ते ओळखू येईना, तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. शहाणपणाची कमाल!

त्या दिवशी दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. मावशी सतरा नंबरच्या गल्लीत डायपरची खोकी मोजायला गेली होती. लॉक मीच टाकला होता. चार नंबरच्या गल्लीलाही लॉक होता, तिथल्या रॅकची एक पट्टी वाकली होती. आणि गेममध्ये मी शेवटच्या दाराशी पोचले होते. सगळे पासवर्ड वहीत लिहून झाले होते, आता एकच हुकूम द्यायचा, अनलॉक ऑल. सगळी कुलपं एकदम उघडायची. तेवढ्यात सुपरवायझर आले, साबणाचा आकडा विचारला. मी झटकन खिडकी बदलली, आकडा सांगितला, ते गेले. मी खिडकी पुन्हा बदलली. म्हणजे बदलली असं मला वाटलं.

अनलॉक ऑल, असं लिहिलं. खात्री आहे का, असं पडद्यानं विचारलं. गेम हे दर दाराला विचारायचा, मी न वाचता होय दाबलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागले. विजयाची अक्षरं धो धो येतील असं वाटत होतं. आली एकच ओळ. दोन लेन खुल्या.

इथं मी जे केलं ते लिहिताना अजून लाज वाटते. मला ते नवं कोडं वाटलं. दोन लेन म्हणजे काय असावं? कारकुनाच्या मेलमध्ये कुठं लेनचा उल्लेख होता का? मी वही उघडून पानं चाळली. तेवढ्यात दुसरी ओळ आली. काम दिलं, फोर्कलिफ्ट तीन, लेन सतरा. मी पेन उचललं आणि वहीत लिहिलं, सतरा. खाली रेघसुद्धा मारली. सुगावा म्हणून.

मग नजर वर गेली. पडद्याच्या माथ्यावर आमच्या गोडाऊनचं नाव होतं.

घाबरणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. साठ सेकंद मोजत बसायचे तो नुसता लाड होता. इथं कुणी मोजत नव्हतं. कानात लूम सुरू झाल्यासारखं झालं. लॉक सतरा, असं लिहिलं तर घाईत एक अक्षर चुकलं, मशीननं ऐकलं नाही. पुन्हा लिहिलं. काम चालू आहे, लॉक टाकता येत नाही, असं उत्तर आलं. मी उठले आणि पळत सुटले.

आमचं गोडाऊन एवढं लांब आहे की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला पोचत नाही. एरवी ते मला मिरवण्यासारखं वाटायचं. पायात जड सेफ्टी बूट. चारी बाजूंनी फोर्कलिफ्टचे पीं पीं आवाज. मी ओरडत होते असं मला वाटत होतं, पण नंतर पॅकिंगच्या बायकांनी सांगितलं की तोंड नुसतं उघडं होतं, आवाज नव्हताच. नऊ. अकरा. मला तिच्या नातवाचं बारसं आठवत होतं, तिथं तिनं मला बळेच दुसऱ्यांदा वाढलं होतं. चौदा. देवाचं नाव घेतलं नाही, बुद्धवंदना आठवली नाही, नुसतं मावशी, मावशी चाललं होतं आतल्या आत.

सतराच्या गल्लीत फोर्कलिफ्ट उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. चाकापुढे जमिनीवर मावशीचं लाल प्लॅस्टिकचं स्टूल होतं, पार चपटं झालेलं. मावशी नव्हती. मी तिथंच खाली बसले.

मग अगदी खालच्या रॅकमधून, दोन खोक्यांच्या मधल्या फटीतून, पेन धरलेला एक हात बाहेर आला. "आगो कुनी तरी मना भायेर काढा. पाय आरकलाय."

तिला मागून आवाज आला होता. तोही अगदी जवळ आल्यावर. पळायला जागा नव्हती, म्हणून ती खालच्या मोकळ्या खणात शिरली, गुडघे छातीशी घेऊन. स्टूल ओढून घ्यायला वेळ मिळाला नाही. ड्रायव्हरला काहीतरी मोडल्याचं ऐकू आलं आणि त्यानं ब्रेक मारला. तिला बाहेर काढलं तेव्हा पिंढरी खरचटली होती, बाकी काही नाही. मी तिला मिठी मारली. ती माझी पाठ थोपटत होती. ती माझी!

सुपरवायझर धावत आले आणि आधी ड्रायव्हरवर तुटून पडले. त्यानं स्कॅनर पुढे केला. "साहब, मेरे को लेन खुला दिखाया. ये देखो. बंद होता तो मैं क्यों जाता?" सुपरवायझरनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मावशीच बोलली. "तिच्याकरं नका बगू साहेब. पोरीनं लॉक टाकलाता, मी डोल्यांनी बघलाय. तुमची मशीनच खोटी." सुपरवायझरनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, सर्व्हर हँग झाला असणार. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली. भित्र्याला आयतं निमित्त मिळालं होतं, ते मी दोन्ही हातांनी घेतलं.

पुढचे तीन दिवस मी जगले कशी ते मलाच माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. कुणी दोघं कुजबुजले की माझ्याबद्दलच आहे असं वाटायचं. फोन वाजला की दचकायचे. नोकरी जाईल ही भीती होतीच, ती नव्हती असं सांगून मोठेपणा घेणार नाही. पण ड्रायव्हर गाडीवर बसायला तयार नव्हता, दारापाशी चहा पीत बसून राहायचा, आणि मला बघितलं की मान खाली घालायचा, जणू गुन्हा त्याचाच. घरी जेवण जाईना. आणि अजून एक सांगते, कुणी जोडे मारले तरी चालतील. दुसऱ्या संध्याकाळी मी पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला. ते शेवटचं दार अजून बंद होतं, रेघ लुकलुकत होती, आणि माझी बोटं आपोआप पुढे गेली. अक्षरांना आमच्या गोडाऊनचाच रंग होता. मी वायर ओढून काढली.

चौथ्या दिवशी मावशीला नऊ नंबरची गल्ली मोजायची होती. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, पिंढरीला पट्टी, हातात नवं स्टूल. साखळीला टॉवेल बांधून आली असेल असं मला वाटलं होतं, पण टॉवेल खांद्यावरच होता. पडद्याकडे तिनं बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. "मशीनवर माजा भरोसा न्हाय. तू सांग. जाऊ का?"

रोज दहादा म्हणायचे ते तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी तिला सांगितलं. गेमचं, रंगाचं, दोन खिडक्यांचं, वहीत सतरा लिहून रेघ मारली त्याचंही. रडत रडत, अडखळत. तिला किती कळलं ते माहीत नाही. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मला अनोळखी होत गेला. तिला रागावलेली मी कधी पाहिली नव्हती, तेव्हाही ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग त्या खेलात मी कुठं व्हतू?"

"नव्हतात मावशी," मी म्हणाले. "तुम्ही त्यात नव्हतातच."

"साहेबाला सांग," ती म्हणाली आणि स्टूल घेऊन बाजूला उभी राहिली.

सुपरवायझरना सांगितलं. ड्रायव्हरला बोलावून त्याच्यासमोर सांगितलं. त्यानं डोळे पुसले आणि तो बाहेर गेला. सुपरवायझरनी मला काढून टाकायला हवं होतं. त्यांनी मला टेबलावरून उठवलं, तिथं दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला बसवलं आणि म्हणाले, "आजपासून काउंटिंग. मावशीबरोबर. ती घेत असेल तर." मावशीनं मला घेतलं. का घेतलं ते मी विचारलं नाही.

नऊ नंबरला लॉक पडला असं नव्या ऑपरेटरनं लांबून हात करून सांगितलं. मावशीनं साखळीला टॉवेल बांधला आणि आम्ही आत गेलो, पार टोकापर्यंत. दोन वर्षं मी गल्ल्यांना लॉक टाकत होते, पण माल मोजताना आत बसून कसं वाटतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं. आतून लॉक दिसत नाही. हिरवी अक्षरं नाहीत, काही नाही. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मध्ये आपण उकिडवे, आणि आवाज. पीं पीं, पीं पीं. पत्र्यावर आपटून तो आवाज सगळीकडून एकदम येतो. मी सहा खोकी मोजली आणि सातव्याला ताडकन उभी राहिले. आवाज आमच्याच दिशेनं येत होता. मी मावशीचा दंड घट्ट धरला.

"बस गो," ती खोक्यावरचा नंबर बघत म्हणाली. "बाजूच्या गल्लीत हाय तो."

खरंच, थोड्या वेळानं तो लांब गेला. मी तिचा दंड सोडला. मी विचारलं, "मावशी, कुठल्या गल्लीत आहे ते आतून कसं कळतं?"

"कलत न्हाय," मावशी म्हणाली आणि तिनं पुढचं खोकं मोजलं.